पुसलेल्या गलबताचा दोर

१

लधा चितारा सकाळी उठला की आधी पेन्सिलीला टोक काढायचा आणि मग देवाला हात जोडायचा. देवाची याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार होती मावजी पटेलाची. दर्यालालाच्या देवळाच्या किल्ल्या कमरेला आल्यापासून देवाच्या वतीने रागावण्याचं कामही पटेलानेच अंगावर घेतलं होतं. देवाला तेवढाच आराम.

धुवारी बंदरात चितारा एकच. गलबतांच्या पिछाडीवर नावं रंगवणं, नावांच्या बाजूला मोर काढणं हे त्याचं पोटाचं काम. मोर कोंबड्यासारखे दिसायचे, पण कच्छातून मस्कतला निघालेल्या खलाशाला मोर काय आणि कोंबडा काय, घर सुटल्याचं दुःख सारखंच. लधाला मान होता तो दुसऱ्याच कामाचा. नारळी पुनवेला दर्या उघडतो. त्याच्या आदल्या दिवशी जकातीच्या गच्चीवर बसून खाडीत नांगरलेली सगळी गलबतं त्याने एका मोठ्या कागदावर उतरवायची, आणि तीही भरती चढत असताना. नांगरावरचं गलबत येणाऱ्या पाण्याकडे तोंड करतं. भरतीचं पाणी समुद्राकडून येतं, म्हणून चित्रात एकूण एक नाळ, म्हणजे गलबताचं पुढचं टोक, समुद्राकडे. तो कागद मग वर्षभर देवळात टांगलेला असायचा.

चित्र शिसपेन्सिलीचंच हवं. एकदा भुजहून आलेल्या कोणा शिकलेल्या पाहुण्याने देवळात उभं राहून सल्ला दिला होता, "शाईने का काढत नाही? टिकेल तरी."

"टिकायला नकोच आहे, साहेब," शिडं शिवणारा जुसब म्हणाला होता. एरवी जुसब पाहुण्याला हसवल्याशिवाय सोडत नसे. त्या दिवशी त्याने सोडलं.

कारण असं, की आषाढी बीजेपर्यंत जे गलबत परत येत नाही ते लधाने सगळ्यांसमोर रबराने पुसायचं. पुसेपर्यंत त्या घरच्या बायका बांगड्या फोडत नाहीत. पुसलं की सुतक. पुसण्याचीही रीत ठरलेली. आधी नांगर, मग दोर, मग गलबत. नांगर उचलल्याशिवाय कुठलं गलबत निघतं? मेलेल्यांचंही निघत नाही.

त्या वर्षी बसऱ्याहून खजूर भरून निघालेलं 'हरिपसा' आलं नाही. गलबत चालवणारा त्याचा तांडेल देवशी, म्हणजे लधाचा जावई. मोंघीचा नवरा.

२

आषाढी बीजेला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्याचं दुःख बघायला धुवारीची माणसं लग्नाच्या जेवणाइतकीच वेळेवर येतात. लधाने रबर हातात घेतलं. समोर मोंघी उभी होती, आणि तिने डोळ्याची पापणी हलवली नव्हती. खरं तर तिने रडायला हवं होतं. रडली असती तर लधाला कागदाकडे बघता आलं असतं. तो तिच्याकडेच बघत राहिला आणि हात आपोआप चालला. डोलकाठी गेली, नाळ गेली, पिछाडी गेली. इतक्यात मोंघी उभीच्या उभी खाली कोसळली. पाणी आणा, कांदा आणा, वारा घाला असा गोंधळ उडाला. पटेलाने घंटा वाजवून टाकली, म्हणजे झालं.

जुना कागद पुनवेपर्यंत चिताऱ्याच्या घरी राहतो, पुनवेला त्याचं समुद्रात विसर्जन होतं. म्हणून लधाने तो घरी आणून खिडकीसमोरच्या भिंतीला टाचला. मोंघीही सासरहून माहेरी आली. तिचा सासरा म्हणाला, "बापाकडे चार दिवस राहील तर बरं वाटेल." सासऱ्याला चार दिवस बरं वाटावं म्हणून लधा काही बोलला नाही.

आठवडा गेला असेल. सकाळचा चहा पिता पिता लधाला कागदावर, जिथे 'हरिपसा' होतं तिथे, एक करडी सावली दिसली.

तो घाबरला नाही. धंद्यातली गोष्ट होती. पेन्सिलीचा दाब बसला की कागदात चर पडते. रबराने काळं जातं, चर राहते. पावसाळी हवेत चरीत ओल धरते, चुलीची काजळी बसते, आणि पुसलेलं वर येतं. त्याने रबर घेऊन सावली पुसली, फुंकर मारली, चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी सावली पुन्हा होती. तिला पोट आलं होतं, म्हणजे गलबताला असतं तसं पोट. लधाने पुसली. तिसऱ्या दिवशी डोलकाठी आली. यंदा ओल फारच आहे, असं तो मोठ्याने म्हणाला. घरात तेव्हा कोणी नव्हतं, तरी म्हणाला.

३

जुसब चहाला आला. जुसबच्या घरी चहा होत नव्हता असं नाही, पण त्याची बायको साखर मोजून घालायची आणि मोंघी न मोजता.

"लधा," रकाबीतला चहा फुर्र करून ओढत तो म्हणाला, "तुला म्हातारचळ लागला. आख्खं बंदर समुद्राकडे तोंड करून उभं, आणि हे एक कोण बायकोशी भांडून उलटं वळलंय?"

"कुठलं?"

"हे बघ की. याची नाळ गावाकडे."

लधाने चष्मा पुसला. मग उठून जवळ गेला. सगळ्या नाळा समुद्राकडे होत्या. 'हरिपसा'ची नाळ जमिनीकडे होती. त्याने काढलं तेव्हा ती समुद्राकडे होती. चर असती तर समुद्राकडच्या नाळेची असती. कागदातली चर कूस बदलत नाही.

"ओहोटीत काढलंस काय हे?" जुसबने विचारलं.

"एका कागदावर भरती आणि ओहोटी दोन्ही कुठून येणार?"

"तेच म्हणतोय मी. याच्यापुरतं पाणी बाहेर चाललंय." जुसब हसायला लागला आणि मध्येच थांबला. "कोणाचं रे हे?"

जुसबने रकाबी खाली ठेवली. तो गुडघ्यावर हात टेकून कागदापाशी वाकला आणि त्याने एका ठिकाणी बोट नेलं, पण टेकवलं नाही. गलबताच्या पुढून एक बारीक रेघ निघून पाण्यात खाली गेली होती. ती करडी नव्हती. काळीभोर होती, वर्षापूर्वीच्या हाताची.

"लधा. दोर पुसला नाहीस?"

लधाला देवळातला तो दिवस आठवला. डोलकाठी, नाळ, पिछाडी. आणि मग कांदा आणा, वारा घाला. नांगर आधी. नांगर आधी पुसायचा असतो हे धुवारीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"तू वरचं पुसलंस आणि खाली बांधून ठेवलंयस," जुसब हळू आवाजात म्हणाला. "पूस. आत्ता पूस, माझ्यासमोर."

लधाने खिडकीतलं रबर घ्यायला हात पुढे केला. रबर तिथे नव्हतं. मोंघी दारात उभी होती, तिच्या मुठीत होतं. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"चहा निवतोय, चाचा," ती म्हणाली. मग आत गेली आणि रबर चुलीत टाकलं. दोन दिवस घराला त्याचा वास येत होता.

४

मोंघीची जीभ लहानपणापासून तिखट. बापाच्या मोरांना 'कोंबडे' हे नाव तिनेच पाडलं होतं. नवरा गेल्यापासून ती जीभ बंद होती. रबर जाळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा चालायला लागली, आणि लधाला त्याचीच भीती वाटायला लागली.

"बापा, तुम्ही एवढे बंदराचे चितारे आणि साधी गोष्ट कळत नाही," बाजरीचं पीठ मळता मळता ती म्हणाली. "पाणी त्यांना बाहेर ओढतंय. म्हणून तोंड इकडे आहे. ते आत यायला बघतायत."

"कोण?"

"आता नाव घ्यायला लावू नका. नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

"मोंघे, तो गेला. मी माझ्या हाताने..."

"तुम्ही तुमच्या हाताने अर्धं काम केलंत. नेहमीसारखं." ती हसली, अगदी पूर्वीसारखं. "त्यांना पुढे येता येत नाहीये. दोरापर्यंत आलेत. पुढचं मलाच जावं लागेल."

हे तिने मीठ संपलंय सांगावं तसं सांगितलं. त्या दिवसापासून लधाने घर सोडलं नाही. खाडी घराच्या पायरीपासून हाकेच्या अंतरावर, आणि धुवारीत नवरा गेलेल्या बाईने पाण्यात पाय घालणं काही नवं नव्हतं. तो दारातच बसून राहायचा. मोंघी त्याला 'पटेल' म्हणायला लागली, किल्ल्या तेवढ्या राहिल्यात म्हणाली. फडताळात तिने फडक्यात बांधून गूळ-तुपाचे रोटले ठेवले होते. खजूर खाऊन खाऊन कंटाळले असतील म्हणे सगळे.

जुसब खाडीवरून बातम्या आणायचा. गलबतं पावसाळ्यात दाटीने उभी असतात, एकावरून दुसऱ्यावर उडी मारून माणूस पलीकडच्या काठाला जाईल इतकी. यंदा मधोमध एक जागा रिकामी पडली होती. तिथे कोणी नांगर टाकला की तो धरत नव्हता, घसरत बाजूला जात होता. तांडेल एकमेकांच्या आयांचा उद्धार करत होते. भरतीला सगळी गलबतं वळायची तेव्हा त्या जागेला वळसा घालून वळायची, मध्ये काही उभं असल्यासारखी.

"गाळ साचला असेल," लधा म्हणाला.

"असेल," जुसब म्हणाला. गाळ कसा असतो हे दोघांनाही पन्नास वर्षं ठाऊक होतं. जाताना जुसबने सदऱ्याखालून एक पुडी काढली. आत मऊ पाव होता. रबर नव्हतं तेव्हा पावाच्या गाभ्यानेच पुसायचे.

"ती स्वयंपाकात असेल तेव्हा," तो म्हणाला.

५

दुपारी आभाळ इतकं भरलं की कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. भरती चढत होती. मोंघी आत रोटले थापत होती. थप, थप, थप. दोन तळव्यांमधला तो आवाज चालू होता तोवर ती घरात होती, आणि लधाला तेवढं पुरेसं होतं.

त्याने पावाचा गाभा काढून बोटांत मळला आणि कागदासमोर उभा राहिला. आधी नांगर, मग दोर. एवढंच करायचं होतं.

कागदावर, काठाजवळ, एक होडी होती.

बोराएवढी. त्याने काढलेली नव्हती. होडीत पाठमोरी एक बाई बसली होती आणि तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. मोंघी सात वर्षांची असताना उभ्या गलबताच्या शिडीवरून पडली होती. हाड वेडंवाकडं सांधलं. सांधणाऱ्याला लधाने त्या वेळी शिव्या घातल्या होत्या. एवढ्याशा आकृतीत तो खांदा कोणाला दिसला असता? त्याला दिसला.

आत थप, थप.

माशी असेल, डाग असेल, असं मनाशी म्हणत त्याने डोळे चोळले. डोळे उघडले तेव्हा होडी पहिल्या गलबताच्या पलीकडे गेली होती. वल्ही नव्हती. बाईचे दोन्ही हात पुढे होते आणि तिच्या मुठींत दोर होता, तोच काळाभोर दोर, आता पाण्यावर येऊन काठापर्यंत लांबलेला. ती दोर ओढत ओढत पुढे चालली होती, एका हातापुढे दुसरा हात.

"मोंघे," त्याने हाक मारली.

"ओऽऽ बापाऽऽ."

आवाज स्वयंपाकघरातूनच आला. पण माणसं पाण्यावरून ओ देतात तसा, लांबवून, वारा कापत. थप थप चालू होतं. आता दोन थापांमध्ये बरीच जागा पडत होती, आणि प्रत्येक थापेमागे काहीतरी ओलं गळत होतं.

दोर पुसावा, तर ती मध्येच पाण्यात सुटणार. होडी पुसावी, तर... पावाचा गाभा त्याच्या बोटांत होता. आयुष्यभर त्याने जे गलबत पुसलं त्यातल्यांच्या घरी संध्याकाळी बांगड्या फुटल्या होत्या. एकदाही चूक झाली नव्हती. त्याने हात मागे घेतला आणि का कोण जाणे, खिडकीबाहेर बघितलं.

खाडीत गलबतं भरतीवर वळलेली होती, सगळी समुद्राकडे. मधली जागा रिकामी होती. पाण्यातून एक जाड दोर वर आला होता आणि तिरका, ताणलेला, हवेत माणूसभर उंचीवर संपला होता. वरच्या टोकाला काही नव्हतं. दोरावरून पाणी निथळत होतं. आणि तो हिसके खात होता, दुसऱ्या टोकाने कोणीतरी ओढत असावं तसे.

लधाने पाव टाकला आणि पेन्सिल उचलली. होडी 'हरिपसा'च्या सावलीत शिरत होती. आता गलबताच्या कठड्यावर, मघाशी कोरं होतं तिथे, काही डोकी होती. वाकून बघणारी. त्याने तिकडे नीट बघितलं नाही. होडीच्या मागून त्याने एक रेघ ओढली, सरळ खाली, पाण्याच्या तळापर्यंत, कागद फाटेल इतक्या जोराने, आणि रेघेच्या टोकाला नांगर काढला. दोन दाढांचा, पक्का, चिखलात रुतलेला.

आतली थप बंद झाली.

६

मोंघी आजारी नाही. वैद्याने नाडी बघितली, जीभ बघितली, आणि त्याच जिभेने त्याचाच उद्धार केल्यावर बरी आहे असं सांगून गेला. ती स्वयंपाकघरात चुलीपाशी बसते. हाताशी पीठ दिलं तर रोटले करते, विचारलं तर बोलते. उंबऱ्यापर्यंत येते आणि तिथे तिचे पाय थांबतात. पुढे जायचं असतं हे तिच्या तोंडावर दिसतं, पण पुढे जात नाही. केसांना कितीही पुसलं तरी ओल राहते.

भरतीला ती हळूहळू भिंतीकडे वळते, जमिनीच्या बाजूला. ओहोटीला दाराकडे. खाडीतल्या सगळ्या गलबतांच्या उलट. जुसबने हे एकदा बघितलं, आणि त्यानंतर तो चहा अंगणातच घेतो.

पुनवेला मावजी पटेल जुना कागद मागायला आला. लधाने नवा पुढे केला.

"हा नव्हे. विसर्जनाचा दे."

"उंदरांनी खाल्ला."

"एवढा मोठा कागद?"

"उंदीर देवळातून आलेले होते, पटेल," जुसब अंगणातून म्हणाला. "प्रसादावर वाढलेले. त्यांना काय कमी."

लोक हसले. पटेल देवाच्या वतीने पुष्कळ रागावला आणि कोरा कागद पाण्यात सोडून मोकळा झाला. नारळ पडले, शिडं वर चढली, गलबतं एकामागून एक बाहेर पडली. खाडी मोकळी झाल्यावर तिथे कुठलीच एक जागा रिकामी दिसेना.

कागद आता लधाच्या खाटेशेजारी आहे. कठड्यावर वाकलेली डोकी तिथेच आहेत. ती वाढतात की काय हे तो बघत नाही. तो फक्त एक रेघ बघतो, होडीच्या नांगराची. पेन्सिलीची रेघ ती. दमट हवेत फिकी होते. ज्या सकाळी जास्त फिकी असते त्या सकाळी मोंघीचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलेलं असतं. मग तो बसतो आणि वरपासून खालपर्यंत रेघ पुन्हा गडद करतो. त्याचा हात हल्ली कापतो. डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागलाय. जुसबने एकदा विचारलं, तुझ्यामागे हे कोण करणार? लधाने त्याला चहा ओतून दिला.

काल रेघ काढताना हात जरा जास्तच दाबला गेला. आतून मोंघीचा आवाज आला, रागाचा नव्हे, लाडाचाच म्हणा ना, लहानपणी वेणी घट्ट बांधली की यायचा तसा.

"बापा, थोडा सैल सोडा ना. फार ताण पडतोय."